मुंबईचे प्रोग्रेसिव्ह चित्रकार आणि आपण

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात चित्रकलेच्या अनेक चळवळी झाल्या. अमेरिकेत आकृती सोडून केवळ रंगांच्या फटकाऱ्यांतून चित्रे होऊ लागली; पुढे डबाबंद सुपाचे डबेही चित्राचा विषय झाले. परंतु सोनईच्या श्रोत्यांपुढे आम्हांस मांडावयाची आहे ती मुंबईची चळवळ. तीत हातावर पोट असलेली माणसे होती.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. आरा यांनी घरगडी म्हणून राबून, मोटारी धुऊन दिवस काढले होते. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला होता. पंढरपुरास जन्मलेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. गोव्याच्या सूझांना १९४५ साली जे. जे. कलाशाळेतून काढून टाकले होते. कलाशाळेची हुबेहूब नक्कल त्यांना नको होती आणि बंगालची हळवी रेषाही नको होती. एकट्याचा आवाज पोहोचत नाही, सहांचा पोहोचतो. ही गोष्ट कामगारांस समजावून सांगावी लागत नाही.

१९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. कला लोकांपर्यंत नेण्याची प्रतिज्ञा आरंभी त्यांच्या जाहीरनाम्यात होती. पण त्याच वर्षी सूझांनी लिहिले की, कलावंत आणि जनता यांतील दरी बुजणे अशक्य आहे. ते लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये संघ मोडला.

दरी होती, हे आम्हांसही मान्य आहे. पण ती केवळ अभिरुचीची होती काय? हुसेन यांनी १९५४ साली 'ग्रामयात्रा' रंगविली. तीत दळणाऱ्या, गाई दोहणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या बाया आहेत, बैलगाडी आहे. ते चित्र नॉर्वेत गेले, एका रुग्णालयाच्या बोळात अनेक वर्षे टांगलेले राहिले आणि २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. ज्यांचे जिणे त्यात आहे, त्यांतल्या कितींनी ते पाहिले? न दाखविलेले चित्र लोकांना कळत नाही, असे म्हणणे न्यायाचे नव्हे.

चित्र विकत घेण्याची आपली ऐपत नाही; पाहण्याचा हक्क मात्र आहे. शाळेत चित्रकलेचा तास बुडू नये, वाचनालयाच्या भिंतीवर या सहांच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती असाव्यात, आणि साखर कारखान्यातील कामगारांच्या मुलांची एक सहल मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावी. सहा माणसांनी अर्धवट सोडलेले काम गावाने हाती घेतले, तर ते फार मोठे नाही.