चिखलणीच्या दिवसांत, मेंदूच्या आत

1919, माद्रिद. पीओ देल रिओ-ओर्तेगा यांच्या सूक्ष्मदर्शकाला तुम्ही डोळा लावलाय. चांदीच्या कार्बोनेटनं रंगवलेल्या मेंदूच्या कापात चेतापेशींच्या मधून काटेरी फांद्यांच्या बारीक पेशी काळ्याभोर उठल्या आहेत. त्यांना ते मायक्रोग्लिया म्हणतात. पण काप मेलेला. जिवंतपणी या पेशी काय करतात, ते इथे दिसायचं नाही.

पुढे सरका. मुंबईत, परळचं कर्करोग संशोधन केंद्र. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा माग काढताहेत.

आता या पेशी आणि हा कर्करोग जिथे समोरासमोर येतात, तिथे, गेल्या आषाढात या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भातलावणी चाललीय. खाचरात वाकलेल्या एका बाईंची स्तनातली कर्करोगाची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली. त्यांच्या मेंदूत शिरा.

रक्तातून आलेली एक कर्कपेशी केशवाहिनीच्या फाट्यावर अडकते आणि काही दिवसांनी भिंतीतून बाहेर झिरपते. भोवतालच्या मायक्रोग्लियांना चाहूल लागते. या पेशी बाईंच्या जन्माआधीच, गर्भाच्या पीतक कोशातून इथे येऊन वसल्या. तेव्हापासून त्यांच्या फांद्या सतत चाचपत असतात. त्या फांद्या आता पाहुणीकडे वळतात, तिला वेढतात, गिळू पाहतात, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना हाका घालतात. अशा बहुतेक पाहुण्या इथेच मरतात. एखादी मात्र रक्तवाहिनीला बिलगून तगते, वाढते. मग तिच्याजवळच्या काही मायक्रोग्लिया वाढीला पोषक द्रव्यं सोडू लागतात, टी-पेशींना आवरतात. त्यांना फितूर म्हणणं मला पटत नाही. जखम भरताना त्या हेच करतात. कर्करोग त्या कामावर पोसला जातो.

मग त्यांना काढूनच टाकलं तर? 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या संशोधकांनी मायक्रोग्लिया नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या मेंदूत स्तनाचा कर्करोग जास्त पसरला होता. म्हणजे या पेशी हव्यातच. त्यांचं लढणं टिकवणारं औषध शोधायला हवं.

खाचरातून बाई उठतात. आठवडाभर डोकं दुखतंय, सकाळी उलटी होते. पावसात भिजल्यानं असेल, म्हणतात. बांधावरून त्यांना सांगा : मावशी, घोडेगावला दवाखान्यात जाल तेव्हा गाठीच्या ऑपरेशनची फाइल बरोबर घ्या, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच ती पुढे करा.