घरी शिकलेली वाणी

कार्तिकीच्या दिवसांत चंद्रभागेचे पाणी उतरलेले असते आणि पंढरपूरचे वाळवंट रुंद होते. त्या वाळूवर कीर्तन उभे राहिले म्हणजे बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग दिसते, आणि तीत बहुधा एखादा दहा-बारा वर्षांचा मुलगाही असतो. हातातील टाळ त्याला अंमळ जडच वाटतो; तथापि बुवांनी अभंगाचा पहिला शब्द उच्चारला की पुढील चरण त्याच्या ओठांवर आपोआप येतात. हे पाठांतर शाळेत झालेले नसते. संध्याकाळी घरात वडिलांच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणता म्हणता, आणि वारीच्या वाटेवर दिंडीत चालता चालता, ते त्याच्या कानांतून अंगात मुरलेले असते.

वासकर, देहूकर, शिरवळकर इत्यादी फडांतून पिढ्यान्‌पिढ्या वक्ते निर्माण झाले ते याच रीतीने. घर हीच शाळा, वडील अथवा फडप्रमुख हेच गुरुजी, आणि परीक्षा म्हणजे हजारो वारकऱ्यांचे कान. या विद्येला नियमित पाठशाळेचे रूप आले ते इसवी सन १९१७ साली. त्या वर्षी विष्णुबुवा जोग यांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि कीर्तनकारांच्या घराबाहेरील मुलांनाही ही वाट मोकळी झाली. तत्पूर्वीची कित्येक शतके मात्र वाणी घडविण्याचे काम घराकडेच होते.

वारकरी कीर्तनाची घडण ज्यांनी बारकाईने पाहिली आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्याखेरीज राहत नाही. निरूपणास एक अभंग घ्यावयाचा, शब्दाशब्दाने तो उकलावयाचा, आणि प्रत्येक विधानास संतवचनाचे प्रमाण द्यावयाचे. शंकासुद्धा बुवाच काढतात आणि तिचे समाधानही तेच करतात. शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची ही परंपरा होय. परंतु तो पूर्वपक्ष वक्त्याच्याच मुखातून येत असल्यामुळे सहसा बेताचाच असतो; ज्याचे उत्तर हाताशी नाही असा प्रश्न आपण होऊन कोण काढील? मध्येच श्रोत्याने उठून बुवांना हटकावे, अशी तर रीतच नाही. या पद्धतीने वाणीला गोडी येते, स्मरण तीक्ष्ण होते, आणि विचार क्रमाने मांडण्याची सवय लागते. उलट बाजूचे म्हणणे तिच्या खऱ्या बळानिशी ऐकण्याची सवय लागते असे मात्र म्हणता येत नाही.

ही उणीव एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या एका वाळूवर उघडी पडली. मुंबईस ख्रिस्ती मिशनऱ्यांनी धर्मचर्चेस भर चौकात आणले, तेव्हा घरच्या श्रोत्यांपुढे घडलेल्या वाणीला प्रथमच परका प्रतिपक्ष भेटला. १८३१ साली डॉ. जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांचा वाद झाला आणि मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी विल्सन यांनी त्यास छापील उत्तर दिले. याहून अधिक गाजला तो विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा समुद्रकिनाऱ्यावरील वाद. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत दर गुरुवारी गिरगावच्या किनाऱ्यावर लोक जमत, बुवा बोलत, आणि जॉर्ज बोवेन आदी पाद्री त्यांस प्रश्न करीत. कोणी कोणाचे मत पालटविले असे दिसत नाही. परंतु ज्याला उत्तर द्यावयाचे त्याचे बोलणे आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते, हा धडा दोन्ही बाजूंस त्या वाळूवर मिळाला, आणि तो कोणत्याही घरात मिळाला नसता.

मिशनऱ्यांनाही पंढरीच्या वाटेकडून काही घ्यावे लागले. नुसत्या प्रवचनाने मराठी माणूस हलत नाही हे ओळखून अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा स्वीकार केला. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या संबंधात घेतले जाते. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भजन-कीर्तनास मराठी ख्रिस्ती मंडळीत मानाचे स्थान दिले. तुकोबांच्या वाणीवाचून आपणांस ख्रिस्ताची वाट सापडली नसती, अशी त्यांची भावना होती.

टिळकांच्या घराची हकिकत या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. लक्ष्मीबाई सासरी आल्या तेव्हा शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडून, घरातच, आणि तीही संसाराच्या धबडग्यात. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर जो प्रसंग ओढवला, त्यात त्यांनी घाईने होकार दिला नाही की कायमची पाठही फिरविली नाही. पाच वर्षे स्वतःशी वाद घालून १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात मतभेद मिटवून न टाकता जागता ठेवला गेला, त्या घराने ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लेखणी घडविली. १९३३ साली नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्याच लक्ष्मीबाईंकडे आले. शाळेत कधी न बसलेली बाई सभेच्या अग्रस्थानी बसली, याचे श्रेय निव्वळ पाठांतराकडे जात नाही.

घर हेच विद्यालय मानणारी ख्रिस्ती कुटुंबे पुढे अमेरिकेत मोठ्या संख्येने निर्माण झाली. मुलांना शाळेत न पाठविता आईबापांनीच शिकवावे हा त्यांचा बाणा. त्यांच्या हक्कांसाठी १९८३ साली होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन ही संस्था निघाली, आणि १९९० नंतरच्या दशकात तिने अशा मुलांकरिता वादविवादाच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांतूनच २००० साली नॅशनल ख्रिश्चन फोरेन्सिक्स अँड कम्युनिकेशन्स असोसिएशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. २००९ साली स्टोआ नावाची दुसरी निघाली. आपल्याच श्रद्धेच्या कुंपणात मुलांना वाढविणाऱ्या या पालकांनी स्पर्धेचा एक नियम मात्र कुंपणाबाहेरचा पत्करला. वर्षभरासाठी एक ठराव ठरतो. आणि तीच जोडी एका फेरीत त्याच्या बाजूने, तर दुसऱ्या फेरीत त्याच्याविरुद्ध बोलते. निवाडा करावयास पालक आणि गावातील सामान्य लोक बसतात. आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांत मास्तरांनी लिहून दिलेले भाषण हातवाऱ्यांसह म्हणून दाखविणाऱ्या मुलांची येथे धडगत लागणे कठीण! ठराव राज्यकारभाराचा असतो, श्रद्धेचा नव्हे, हे खरे. तथापि विरुद्ध पक्षाची वकिली मनापासून करून पाहिलेला मुलगा घरी परततो तो थोडा निराळा होऊनच.

पंढरपुरास अशा वक्त्यांची गरज किती होती, हे महाद्वारासमोरील एक समाधी सांगते. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा निवर्तले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी दिली. तेव्हापासून सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग वाळवंटात प्रेमाने गाइले गेले; बुवांनी त्यांवर निरूपणे केली, श्रोत्यांनी डोळे पुसले. मात्र चोखोबांच्या जातभाईंनी दाराबाहेरूनच का परतावे, हा प्रश्न विचारणारा कोणी कीर्तनाच्या मध्ये उठू शकत नव्हता. रीत आडवी येत होती.

तो प्रश्न साने गुरुजींनी विचारला. मंदिरप्रवेशासाठी कित्येक महिने त्यांनी महाराष्ट्रभर गावोगाव भाषणे केली. लोकमताच्या सह्या मिळविल्या, विरोधकांचे बोल ऐकून घेतले. गुरुजी हे व्यवसायाने शिक्षक, आणि त्यांच्या वाणीचे पहिले विद्यालय म्हणजे त्यांची आई. भाषणांनी दार उघडले नाही, तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. मठ वारकऱ्यांचा, मठाधिपती कीर्तनकार. जागा त्यांनीच दिली. दहा तारखेस मंदिर हरिजनांस खुले करण्याचे ठरले, आणि ज्यांनी आजवर पायरीवरूनच कळसाचे दर्शन घेतले होते, ते चोखोबांच्या समाधीस हात लावून आत गेले.