नहर-ए-अंबरी

नहर-ए-अंबरी : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सतराव्या शतकातील भूमिगत पाणीपुरवठा योजना. निसर्गाची कमीत कमी हानी करून मानवी गरजा भागविणाऱ्या तंत्रविद्येचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण होय. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (१५४८–१६२६) ह्याने १६१० मध्ये खाम नदीकाठी खडकी येथे वसविलेल्या शहरासाठी ती बांधविली.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. कन्नड तालुक्यातील पिशोरच्या परिसरात काय किंवा शहरालगत काय, विहिरींना पाणी मिळते ते मुख्यत्वे खडकाच्या झिजलेल्या वरच्या थरातून व भेगांतून. ह्याच भूजलाचा उपयोग अंबरने करून घेतला. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी बंदिस्त नहरीत गोळा करून ते केवळ उताराच्या आधारे शहरात आणले गेले. गाळ काढण्यासाठी व हवा खेळती राहण्यासाठी नहरीवर जागोजागी कूपके ठेवलेली होती. पुढे खापरी नळांतून पाण्याचे वाटप होई. ह्या रचनेत बाष्पीभवन अल्प होते, जमीन बुडत नाही आणि इंधन लागत नाही. इराणमधील कनात व बऱ्हाणपूरची समकालीन भूमिगत योजना ह्यांच्याशी तिचे साम्य आहे.

अठराव्या शतकात अशाच एका नहरीवर पाणचक्की उभारण्यात आली. उंचावरून सोडलेल्या पाण्याच्या झोताने पात्यांचे चाक फिरून जाते चाले व यात्रेकरू, फकीर ह्यांच्यासाठी धान्य दळले जाई.

विसाव्या शतकात हाच विचार तात्त्विक स्वरूपात पुढे आला. १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाद्वारे जे. सी. कुमारप्पा ह्यांनी, तर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून ई. एफ. शूमाखर ह्यांनी स्थानिक साधने व मानवी गरजा ह्यांना अनुरूप अशा तंत्राचा पुरस्कार केला.

पैठणजवळील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. शहराचा मुख्य पुरवठा आता तेथून होतो. मात्र हे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. वाढलेल्या लोकसंख्येची संपूर्ण गरज नहरीने भागणे शक्य नाही. तथापि तिची उपयुक्तता संपलेली नाही. नहरीवरील बांधकामे, गाळ व सांडपाणी ह्यांमुळे प्रवाह खंडित होतो. म्हणून नहरीच्या दुरुस्तीबरोबरच तिला पाणी पुरविणाऱ्या डोंगरउतारांचे रक्षण करणे आवश्यक ठरते.