फराहबागेतला शतरंज आणि वजिराचा बळी

अहिल्यानगरच्या फराहबाग महालाचे काम १५८३ मध्ये पुरे झाले. मुर्तझा निजामशहा येथे दिल्लीच्या एका गवयाबरोबर शतरंजात रमे, असे सांगतात. गवयाला त्याने फत्तेशहा हे नाव दिले आणि बागेत लाकडी महालही बांधून दिला. जुन्या शतरंजात वजीर तिरपा एकच घर चाले, त्यामुळे तो गमावण्याचे फारसे दुःख नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला पटभर संचार मिळाला आणि त्याचा बळी देणे हे मोठे धाडस ठरले.

या धाडसाचा अतिशय देखणा डाव १८७२ मध्ये व्हिएन्नात हाम्पे आणि माइटनर यांच्यात झाला. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या माइटनरने (शास्त्रज्ञ लिझे माइटनर यांचे वडील) तिसऱ्या चालीत उंट, नवव्या चालीत वजीर आणि पाठोपाठ घोडा देऊन पांढऱ्या राजाला आपल्या गोटात ओढून आणले. सोळाव्या चालीत त्याने उरलेला उंट थेट राजाला खेटून शहाला लावला. तो मारला, तर काळा राजा एक घर पुढे सरकतो, हत्तीची वाट मोकळी होते आणि मात अटळ ठरते. म्हणून हाम्पेने राजा मागे घेतला. पुन्हा शह, पुन्हा तीच घरे. अठराव्या चालीला डाव बरोबरीत सुटला. बुद्धिबळाच्या इतिहासात तो ‘अमर बरोबरी’ म्हणून ओळखला जातो.