नाव न सापडलेले विष

१ मे १९८१ रोजी माद्रिदजवळच्या तोर्रेहोन दे आर्दोस येथे आठ वर्षांचा एक मुलगा दगावला. पाठोपाठ घरातली इतर माणसेही आजारी पडली. ताप, धाप, अंगावर पुरळ अशी लक्षणे होती. वेगळ्या तऱ्हेचा न्यूमोनिया समजून दिलेल्या प्रतिजैविकांनी गुण येईना. टेबलावरून पडला तरी मरेल इतका हा जंतू बारीक आहे, असे आरोग्यमंत्री सांगत होते. पण तान्ही बाळे या आजारातून सुटत आहेत, हे एका बालरुग्णालयातील डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि शोध स्वयंपाकघराकडे वळला. १० जूनच्या रात्री सरकारने जाहीर केले : फेरीवाले पाच लिटरच्या कॅनमधून लेबलाविना विकतात ते तेल खाऊ नका. तोवर उशीर झाला होता. सुमारे २०,००० लोकांना बाधा झाली आणि पहिल्या काही वर्षांतच ३०० हून अधिक माणसे मेली.

हे तेल रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या बियांचे. देशी ऑलिव्ह तेलाला संरक्षण म्हणून स्पेनने ते खाण्यासाठी आणण्यावर निर्बंध घातले होते. कारखान्यांसाठी मात्र ते आणता येई. अट एवढीच, की त्यात दोन टक्के अॅनिलीन मिसळून ते अखाद्य करावे. काही व्यापाऱ्यांनी फ्रान्समधून असे तेल आणले, शुद्धीकरण करून अॅनिलीन काढण्याचा खटाटोप केला आणि ते खाद्यतेल म्हणून विकले.

भेसळ उघड होती. तरीही खटला सोपा नव्हता. माणसे नेमक्या कोणत्या द्रव्याने मेली, हे कोणालाच सांगता येईना. प्राण्यांना ते तेल पाजूनही तोच आजार होईना. भरीस भर म्हणजे, जूनअखेर सरकारने लोकांकडचे तेल घेऊन बदली ऑलिव्ह तेल द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी घरात होते ते कुठलेही तेल आणून दिले. पुराव्यातच भेसळ झाली! दोष टोमॅटोवरच्या कीटकनाशकाचा आहे, असा प्रतिवादही पुढे आला.

३० मार्च १९८७ रोजी माद्रिदमध्ये सुनावणी सुरू झाली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ब्रिटिश संशोधक सर रिचर्ड डॉल साक्षीला आले. त्यांना आधी शंका होती. नवा पुरावा पाहिल्यावर त्यांनी तेलच कारण असल्याचे सांगितले. बाधित घरांतल्या तेलात अॅनिलीनपासून बनलेली अॅनिलाइड्स अधिक आढळत होती. २० मे १९८९ च्या निकालात तेरा जण दोषी ठरले. खुनाचा आरोप टिकला नाही आणि पीडित संतापले.

१९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही शिक्षा वाढवल्या. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यामागचे तत्त्व : विष शरीरात नेमके कसे काम करते हे कळलेच पाहिजे असे नाही, तेल आणि आजार यांचा संबंध पक्का असावा आणि इतर कारणे वगळता यावीत, एवढे पुरे. पुढे १९९७ मध्ये सरकारी यंत्रणेच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाईची जबाबदारी खुद्द राज्यावर आली.

आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाने ६० हून अधिक बळी घेतले. तिथे विषाचे नाव ठाऊक होते. त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनात, लेबलासह विकण्याचा केंद्राचा आदेश निघाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण ‘या अन्नानेच’ हे सिद्ध करावे लागते, आणि भेसळखोर नेमका तिथेच संशयाचा फायदा मागतो. प्रयोगशाळेला विषाचे नाव सापडेपर्यंत न्यायाने थांबायचे का, याचे उत्तर स्पेनने दिलेले आहे. आपल्या वकिलांनी आणि अन्न निरीक्षकांनी ते वाचायला हवे.