फोन कोणता घ्यावा? लिपी, सातबारा आणि बंद पडलेल्या वाटांचा इतिहास

१/ अहिल्यानगरच्या चितळे रस्त्यावर असो वा संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारपेठेत, मोबाईलच्या दुकानात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकापुढे आज दोनच वाटा असतात : अँड्रॉइड किंवा आयफोन. पंधरा वर्षांपूर्वी अशा पाच-सहा वाटा होत्या. उरलेल्या का बुजल्या, आणि त्या वाटांनी गेलेल्यांचे काय झाले, हे या धाग्यात पाहू.

२/ वरवर पाहता ही निवड आवडीची आणि ऐपतीची वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपल्याकडे या निवडीचा निकाल बव्हंशी दोन गोष्टींनी लावला : मराठी अक्षर कोणत्या फोनवर उमटते, आणि सरकारी दप्तर कोणत्या फोनवर उघडते.

३/ पहिला पेच स्मार्टफोनच्याही आधीचा. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ योजनेत अवघ्या ५०१ रुपये आरंभीच्या रकमेत फोन हाती दिला. हे तंत्र सीडीएमए. त्या फोनात सिमकार्ड नव्हते; क्रमांक थेट यंत्राशी बांधलेला. कंपनी सोडायची तर फोनही सोडावा लागे.

४/ दुसरीकडे जीएसएम. सिम काढावे, दुसऱ्या फोनात घालावे, काम चालू. त्याच वर्षी आलेला नोकिया ११०० याच गोटातला. धूळ न शिरणारी कळफळी आणि डोक्यावर टॉर्च. भारनियमनाच्या त्या काळात खेड्यापाड्यांत या टॉर्चचे मोल निराळे सांगायला नको. पुढे रिलायन्सचे सीडीएमए बंद झाले, आणि ते फोन ड्रॉवरमध्ये पडून राहिले.

५/ २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन भारतात अधिकृतपणे विक्रीस आला. किंमत ३१,००० रुपये. पुढच्याच वर्षी एचटीसीचा ‘मॅजिक’ हा अँड्रॉइड फोन आला. तोही स्वस्त नव्हता. म्हणजे आरंभी दोन्ही वाटा श्रीमंतांच्याच होत्या. सामान्य माणूस नोकियाच्या सिंबियनवर होता, नोकरदार तरुण ब्लॅकबेरीकडे पाहत होता.

६/ या सर्वांत मराठी कुठे होती? देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती. तरीही ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. ॲपलचे ॲप स्टोअर उघडले त्याच वर्षीच्या जुलैत. ‘ॲप’ हा शब्द एकसंध अक्षराने लिहिण्याची सोय आणि ॲपचा बाजार, दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये.

७/ संहितेत अक्षर असणे आणि पडद्यावर ते नीट दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी. सुरुवातीच्या अनेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसत. कुठे वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाई, कुठे जोडाक्षर फुटे. जाणत्यांनी तोड काढली : ऑपेरा मिनी ब्राउझरच्या छुप्या पानावर जाऊन एक पर्याय बदलायचा. मग दूरचा सर्व्हर मराठी मजकुराचे चित्र करून पाठवी. मराठी ब्लॉग वाचणाऱ्या एका पिढीने आपली भाषा फोनवर प्रथम वाचली ती अशी, चित्ररूपाने.

८/ अँड्रॉइडच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीपासून, हे चित्र पालटू लागले. लिहिण्याच्या बाबतीत अँड्रॉइडचा एक नियम निर्णायक ठरला : बाहेरच्या कोणालाही त्यासाठी कीबोर्ड तयार करता येत असे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रातून ‘स्वरचक्र’ आले ते याच मोकळिकीमुळे. व्यंजनावर बोट ठेवताच भोवती बाराखडी उमलते. इंग्रजी कळफलक न शिकलेल्यालाही ते उमजे.

९/ आयफोनने बाहेरच्या कीबोर्डांना दार उघडले ते सप्टेंबर २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर. मराठीचा स्वतःचा कीबोर्डही त्यात आला. त्याच वर्षाअखेरीस अँड्रॉइड ५.० ने पुढचे पाऊल टाकले : फोनची संपूर्ण भाषाच मराठी करता येऊ लागली. आयफोनवर ही सोय २०२५ मध्ये आली. अंतर सुमारे दहा वर्षांचे.

१०/ किंमतही २०१४ मध्येच उतरली. सप्टेंबरात गूगलने भारतात ‘अँड्रॉइड वन’ फोन आणले, ६,३९९ रुपयांपासून. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. लिपी, किंमत आणि डेटा हे तिन्ही प्रवाह एकाच वाटेवर मिळाले. आज भारतातील शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदांहून अधिक अँड्रॉइडवर चालतात.

११/ आता बुजलेल्या वाटा. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियनची साथ सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. ‘नोकिया म्हणजे टिकाऊ’ या विश्वासावर अनेकांनी ल्युमिया घेतला. यंत्र खरोखरच टिकाऊ होते. पण त्यावर चालणारी ॲप लिहिणारे पुरेसे मिळाले नाहीत, आणि ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक वळले नाही.

१२/ अखेरचा घाव व्हॉट्सॲपने घातला. जून २०१७ च्या अखेरीस सिंबियनवरचे व्हॉट्सॲप थांबले, त्या डिसेंबरअखेर ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरचे, आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर सर्वच विंडोज फोनांवरचे. हातातला फोन शाबूत, बॅटरी ठीक. पण गावकीचा, भावकीचा, बाजारभावाचा गट त्यावर उघडेना.

१३/ दुसरी कसोटी सातबाऱ्याची. शेतातल्या पिकाच्या नोंदीला या मुलखात जुना इतिहास आहे. निजामशाहीचा कर्ता कारभारी मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. पुढे पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये येऊ लागली आणि ती तलाठ्याच्या दप्तरात राहिली.

१४/ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि ॲपमधून नोंद करायची. महसूल खाते तेव्हा संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांकडे होते. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सर्वांना या नोंदीचा आधार लागतो. नोंद राहिली तर उभे पीक कागदावर दिसत नाही.

१५/ हे ॲप आले ते अँड्रॉइडसाठी. २०१७ पासून १,५०० रुपये अनामतीवर घरोघरी गेलेल्या जिओफोनवर ते चालण्यासारखे नव्हते, कारण त्याची प्रणाली कायओएस. ज्यांच्याकडे योग्य फोन नाही त्यांच्यासाठी एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा ठेवली गेली. पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने फोन बदलला असेल, तर त्यामागे हौस नव्हे, हा बांधावरचा व्यवहार असू शकतो.

१६/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सातबारा पाहण्याचे ‘महाभूलेख’ हे संकेतस्थळ आहे. ते कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. ई-पीक पाहणी हे ॲप आहे. ते विशिष्ट प्रणालीवरच चालते. सरकार जेव्हा संकेतस्थळाऐवजी ॲप निवडते, तेव्हा नागरिकाची निवड त्याने आधीच केलेली असते.

१७/ मोकळ्या वाटेची किंमतही असते. स्वस्त अँड्रॉइड फोनांना सुरक्षेच्या सुधारणा थोडाच काळ मिळत. आयफोनला त्या अनेक वर्षे मिळतात. बाहेरून ॲप घालता येते म्हणूनच पीएम-किसानच्या नावाने बनावट एपीके फायली फिरतात आणि खाती रिकामी होतात. ज्या दाराने ‘स्वरचक्र’ आले, त्याच दाराने चोरही येतो.

१८/ वाट बदलणेही सोपे नव्हते. एका प्रणालीवरची व्हॉट्सॲपची जुनी संभाषणे दुसरीवर नेण्याची अधिकृत सोय २०२१-२२ पर्यंत नव्हतीच. आई-वडिलांचे आवाज, लेकरांचे फोटो मागे राहतील या भीतीने अनेक जण आहे तिथेच राहिले.

१९/ म्हणून नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी तीन प्रश्न विचारावेत. घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला तो मराठीत वापरता येईल का? आपल्या शेतीची, बँकेची, नोकरीची ॲप त्यावर चालतात का? आणि उद्या ही वाट बंद झाली, तर आपले काय काय बरोबर नेता येईल? सीडीएमए, सिंबियन आणि ल्युमिया घेणाऱ्यांना हा तिसरा प्रश्न कोणी विचारायला लावला नव्हता.

(धागा समाप्त)