मोडीत काढताना

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडला आंबेवाडी नाका लागतो, तिथून रोह्याकडे फाटा फुटतो. या नाक्यावर मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. पावसाळ्याआधी घर आवरताना कपाटाच्या खणातून पाच जुने मोबाइल निघाले. ते पिशवीत टाकून मी नाक्यावर गेलो. दुकानातल्या पोरानं दोन चालू करून पाहिले, काच उजेडात तिरकी धरली, चार्जरची पिन खुपसून हलवून बघितली आणि त्या दोघांचा नगावर भाव सांगितला. उरलेले तीन माझ्याकडे सरकवत म्हणाला, "चाचा, हे किलोवर जातील."

किलोवर हा शब्द मला लागला. हजारो रुपये मोजून, खोक्यातून, बिलासकट आणलेली वस्तू शेवटी कांद्यासारखी तोलायची!

पण मग आठवलं, की आपल्याकडे घरातली मोठी खरेदी पूर्वी तोलूनच होत असे. तांब्याचा हंडा घ्यायचा तर तांबट तो वजनाला लावी. धातूचा दर आणि वर घडणावळ. वीस वर्षांनी हंड्याला चीर गेली की तोच हंडा पुन्हा तराजूत. घडणावळ बुडे, थोडी घट धरली जाई आणि उरलेल्याला म्हणत मोड. नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीचे पैसे वजा होत. 'मोडीत काढणं' हा शब्दप्रयोग आपण आज माणसांबद्दलही वापरतो, पण मूळ व्यवहारात अपमान नव्हता. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असे की तांबं किती आणि दर काय. बोहारीण दारात बसली की जुन्या लुगड्यावरून आणि पातेल्यावरून तासभर घासाघीस चाले, त्यात घरची बाईही काही कमी नसे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाचा व्यापार करणाराही एक होता, झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख तो विकत घेई आणि पाण्यात धूत-धूत त्यातून सोन्याचे कण काढी. सोनाराला माहीत असे की केरात सोनं आहे, म्हणून केरसुद्धा फुकट जात नसे. हा झारेकरी लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

हातात मावणारं पहिलं विजेचं यंत्र आपल्या घरांत आलं ते ट्रान्झिस्टर. १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा रेडिओ विक्रीला आला, पुढच्याच वर्षी जपानच्या सोनीनं आपला काढला. आपल्याकडे रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यात ही भानगड संपली. तोवर जुना रेडिओ विकत घेताना शहाणा माणूस आवाजाआधी लायसन्सचं पुस्तक बघे. वस्तू चोरीची नाही ना, ही शंका जुन्या मालाच्या धंद्याला पहिल्यापासून चिकटलेली आहे.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली आणि रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागातल्या आमच्या मुसलमान घरांतली माणसं कुवेत, दुबईला गेली. सुट्टीवर येताना प्रत्येकाच्या सामानात एक टू-इन-वन असे, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. गावाला वाटे, काय ही चैन! खरं तर ती हुंडीच होती. तिकिटाचे पैसे कमी पडले, बहिणीचं लग्न निघालं, कौलं बदलायची झाली, की टू-इन-वन विकला जाई. तेव्हाही गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न हाच, "खोका आहे का?" खोका आणि थर्माकोल असेल तर भाव वेगळा. आजही दुकानात तेच विचारतात.

आमच्या चाचांनी १९८२ मध्ये असाच एक टू-इन-वन आणला होता. परत जायच्या आठवड्यात पेणहून एक गिऱ्हाईक आलं, नोटा मोजून दिल्या, खोका उचलून निघून गेलं. आत एक कॅसेट राहिली होती. त्या काळी पत्राऐवजी आवाज भरून पाठवत. चाचांनी सोबत न्यावी म्हणून दादीनं तिच्यावर सलामापासून सुरुवात करून नदीचा पूर, फणस, कोणाचं बाळंतपण, सगळं सांगितलं होतं. आठवड्यानं लक्षात आलं. मी अब्बांबरोबर पेणला गेलो. त्या माणसानं यंत्र पुढे विकलं होतं, कॅसेट काढून ठेवली होती. ती दिलीही बिचाऱ्यानं. घरी लावून पाहिली, तर तिच्यावर गाणी भरलेली. दादी हसली, म्हणाली, पुन्हा बोलू कधीतरी. ते राहूनच गेलं. तिचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही.

मोबाइल आपल्या देशात आला ३१ जुलै १९९५ला. त्या दिवशी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी पहिलं संभाषण केलं. त्याच सुमारास पेजर आले आणि काही वर्षांतच मेले. २००३ साली एका बड्या कंपनीनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला आणि रिक्षावाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळे बोलू लागले. मीही घेतला होता. माझ्या खणातल्या तीन मेलेल्यांपैकी एक तोच. तो काही बिघडलेला नाही. तो ज्या सीडीएमए पद्धतीवर चालायचा ती सेवाच कंपन्यांनी गुंडाळली. हंड्याला निदान चीर तरी जायची. इथे वस्तू धडधाकट आहे आणि कोणी दूरवरून कळ फिरवून तिला मोडीत काढलं.

२००९ साली तसंच झालं. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक नसलेले फोन १ डिसेंबरपासून बंद झाले, आणि स्वस्तातले चिनी फोन घेतलेल्या गरिबांची क्रमांक टाकून घ्यायला दुकानांत रीघ लागली. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. *#०६# दाबून दिसणारा तो क्रमांक म्हणजे रेडिओच्या लायसन्सचं आजचं पुस्तक. जुना फोन घेण्याआधी तो चोरीचा म्हणून नोंदला आहे का, हे २०२३ पासून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कोणालाही तपासता येतं.

किलोवर गेलेल्या फोनचं पुढे काय होतं? नाक्यावरून तो मोठ्या शहरातल्या भंगार बाजारात, तिथून दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला. मुरादाबाद म्हणजे पितळेच्या भांड्यांचं शहर! तिथल्या रामगंगेच्या काठी फोनच्या, संगणकांच्या हिरव्या पाट्या जाळल्या गेल्या, तेजाबात बुडवल्या गेल्या. आपला झारेकरी हाच. फक्त पूर्वी तो राख धुवायचा, आता डाखातल्या शिशाचा आणि जळत्या प्लास्टिकचा धूर छातीत घेतो. जुने दिवस सगळे चांगले होते असं नाही. कल्हईवाल्याच्या छातीतही नवसागर जायचाच. पण तो धूर दारात दिसायचा, आपणही खोकायचो. आज तो मुरादाबादेत निघतो. आणि नदीत रसायन उतरलं म्हणजे काय होतं, हे रोह्याखाली कुंडलिकेकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको.

या केरात सोनं किती? जपाननं २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून सुमारे ६२ लाख जुने मोबाइल आणि ७८,९८५ टन लहान यंत्रं गोळा केली. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ निघालं आणि टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची सुमारे ५,००० पदकं त्यातून घडली. नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेलं पदकही त्यातलंच. (सुवर्णपदक आतून चांदीचंच असतं, हे जाता जाता.) जगात मात्र २०२२ साली निघालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती जेमतेम २२ टक्क्यांची.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू आहेत. २०१६ साली ते बदलले, नंतरचे एप्रिल २०२३ पासून आले. वस्तू बनवणाऱ्यानंच शेवटी ती नोंदणीकृत कारखान्यात मार्गी लावावी, असं ते सांगतात. कागदावर हे मोडीच्या जुन्या व्यवहारापेक्षाही चोख आहे. मी नाक्यावर चौघांना विचारलं, असा नोंदणीवाला इथे जवळ कोण? चौघांनीही भंगारवाल्याकडे बोट दाखवलं.

दोन फोन मी नगावर दिले. पैसे मोजताना पोरगा म्हणाला, "चाचा, आतलं सगळं काढून घेतलंत ना? नंतर लोक रडत येतात." मी तिथल्याच बाकावर तासभर बसून फोटो, आवाज, निरोप सगळं लेकाच्या फोनवर पाठवलं, मगच फोन पुसायला दिले.

तीन परत आणले, खणात आहेत. त्यातल्या एका जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी फुगलेली नव्हती. माझ्या छोट्या चिनी रेडिओत ती नेमकी बसली. सकाळच्या बातम्या सध्या तिच्यावरच ऐकतो आहे.